कामावर असलेलं आडनाव

गादीवाले चाचा नव्या माणसाला नाव कधी विचारायचे नाहीत. आडनाव विचारायचे, आणि ते सांगून होतंय न होतंय तोच पुढचा प्रश्न यायचा, "बरं, आनि ते काम काय करतंय?"

मी उंब्रजच्या हायस्कुलात इंग्रजीचा शिक्षक म्हणून रुजू झालो, त्या आठवड्यात त्यांनी मलाही हेच विचारलं. नव्या बिऱ्हाडासाठी गादी भरून घ्यायला मी त्यांच्या पत्र्याच्या शेडात गेलो होतो. कापसाच्या ढिगात कमरेपर्यंत बुडून चाचा बसलेले. भुवया, दाढी, कानावरचे केस, सगळीकडे कापसाचे तंतू.

"सुतार," मी म्हणालो.

"काम काय करतंय?"

"इंग्रजी शिकवतो."

"तुमी न्हवं, मास्तर. आडनाव."

मी जरा विचार केला आणि खरं तेच सांगितलं. घरात भिंतीला खिळा मारायचा झाला तर बायको मारते, मी खुर्ची धरतो. चाचांनी मान डोलावली. "म्हंजी आडनाव पेन्शनीत निघालं. असू द्या. खुर्ची धरनारा बी लागतोच की."

गावातल्या सगळ्या आडनावांची त्यांनी अशी हजेरी घेऊन ठेवली होती. कुंभारांचा पोरगा टेम्पो चालवायचा, म्हणजे ते आडनाव बिनपगारी रजेवर. लोहारांनी वेल्डिंगचं दुकान काढलं, तेव्हा चाचा खूश झाले. "मशीन घेतलं, पन कामावर हाय." पाटलांविषयी मात्र जपून बोलायचे. "त्यांचं आडनाव सोता काम करत न्हाई. करवून घेतंय." हे पाटलांच्याच गादीला टाके घालताना, पाटलांच्याच सोप्यात बसून बोलायचे, आणि पाटील हसायचे.

स्वतःच्या आडनावाविषयी ते फार बोलत नसत, पण बोलले की आवाज बदलायचा. नदाफ म्हणजे कापूस पिंजणारा. शब्द अरबीतला, वाडवडलांबरोबर चालत आलेला. "कुठनं कुठं आला गड्या, पन आजून एक दिस खाडा न्हाई त्याचा," असं म्हणून ते पिंजणाची तात एकदा छेडायचे. धनुष्यासारखं ते लांबलचक पिंजण छताला टांगलेलं असायचं. तातीवर लाकडी गोटा बसला की टँव टँव असा आवाज गल्लीभर घुमायचा. आमच्या शाळेच्या तिसऱ्या तासाला तो नेमका सुरू व्हायचा, आणि माझा वर्ग माझ्यापेक्षा त्याच्याकडे जास्त लक्ष द्यायचा. मी त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. ऐकण्यासारखं काय आहे हे पोरांना कळत होतं.

जुनी गादी उसवायची असली की घरातलं एक माणूस समोर बसल्याशिवाय चाचा पहिला टाका कापत नसत. हा त्यांचा नेम होता. गादीत काय काय निघतं. केसातल्या पिना, देवीचा अंगारा, पोरांचे पडलेले दात, एकदा कुणाची तरी माहेरून आलेली चिठ्ठी. जे निघेल ते ताटलीत ठेवायचं, घरच्यांच्या हातात द्यायचं, आणि वाचता येत असलं तरी वाचायचं नाही. "गादी म्हंजी मानसाचं पोट हाय," ते म्हणायचे. "पोटातलं ज्याचं त्याला द्यावं."

आमच्या लग्नाआधीपासूनच्या जुन्या गादीतून माझी बी.ए.ची गुणपत्रिका निघाली. पहिल्या खेपेची. तीत इंग्रजीपुढे लाल शाईत 'नापास' होतं, न वाचणाऱ्यालाही दिसेल इतकं ठळक. लग्नाआधी कधीतरी मी ती खोळीत सारली होती, आणि मग त्याच गादीवर इंग्रजीचा शिक्षक म्हणून वीस वर्षं झोपलो होतो. बायको चहा टाकायला आत गेली होती. चाचांनी कागद झटकला, एकदा माझ्या तोंडाकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, "मास्तर, ह्यो कागद लय मऊ झालाय. परत भरू का?"

मी म्हटलं, भरा. तो अजून आत आहे.

हे मुद्दाम सांगतोय. माझं इंग्रजी किती पाण्यात आहे हे गावात फक्त एका माणसाला माहीत होतं, आणि तरी इंग्रजीतलं काही अडलं की तो माणूस माझ्याकडेच यायचा. त्या विश्वासाला मी कसा जागलो ते आता सांगायचं आहे.

चाचांचा मुलगा सलीम सांगलीला राहतो. त्याचं फोमच्या गाद्यांचं दुकान आहे. गाव म्हणायचं, पोरानं बापाच्या पोटावर पाय दिला. चाचा म्हणायचे, "पाठ ज्याची त्याची. कुनाला कापूस मानवतो, कुनाला फोम." सलीमची मुलगी आफरीन ही त्यांची एकुलती नात. ती सुट्टीला आली की शेडात कापसावर उड्या मारायची, आणि एरवी कुणी कापसाला चप्पल लावली तर तोंड फिरवणारे चाचा ते कौतुकानं बघायचे.

मग गावात टोझरसाहेब आला. पाटणच्या बाजूला डोंगरावर पवनचक्क्या आहेत. त्यांच्या यंत्रांचं काम बघायला कुठल्याशा कंपनीनं एका इंग्रज इंजिनियरला सहा महिन्यांसाठी पाठवलं होतं, आणि तो आमच्या शेजारच्या माडीवर राहायला होता. माणूस साडेसहा फूट आणि पाठीनं अधू. माडीवरच्या पलंगानं आठवड्यात त्याचं कंबरडं मोडलं. मी त्याला चाचांकडे घेऊन गेलो, दुभाषा म्हणून.

चाचांनी त्याला उभं केलं, पाठीवरून तळहात फिरवला, कुठे कापूस दाट हवा ते मनात मांडलं. मग माझ्याकडे वळले. "आडनाव काय म्हनला?"

"टोझर."

"काम काय करतंय ते?"

इथे मला माहीत नव्हतं. माहीत नाही, एवढंच म्हणायचं होतं. पण गावात इंग्रजीचा शेवटचा शब्द मी होतो. लग्नपत्रिकेपासून औषधाच्या बाटलीपर्यंत सगळं माझ्याकडे यायचं आणि मी कुणालाही रिकाम्या हातानं परत पाठवत नसे. एका शेतकऱ्याला फवारणीच्या बाटलीवरचं वाचून मी 'संध्याकाळी फवारा' असं सांगितलं होतं. तिथे 'लहान मुलांपासून दूर ठेवा' असं लिहिलेलं होतं, हे मला घरी आल्यावर कळलं. असल्या माणसाच्या तोंडून 'माहीत नाही' कसं निघणार? माझी नजर दारातून डोंगरावर फिरणाऱ्या पात्यांकडे गेली आणि मी म्हणालो, "टेकडीवरच्या गढीचा धनी. सरदार घराणं असतं तिकडे, त्यांच्यातलं."

टोझरनं मला विचारलं, काय चाललंय. मी म्हटलं, तुम्हाला उशी उंच लागते का विचारतायत. म्हणजे एका मिनिटात दोघांना फसवून झालं.

चाचा या खेपेला काही चेष्टा करतील म्हणून मी वाट बघत होतो. ते फक्त म्हणाले, "मग बसून खायाचं आडनाव हाय. बरं हाय." आणि मापाची दोरी उचलली. गादी झाली, टोझरची पाठ सरळ झाली, सहा महिन्यांनी तो गेला. मी विसरून गेलो. खोटं बोलणाऱ्याला ती एक सोय असते.

दोनेक वर्षांनी, मी निवृत्त झाल्यावर, एका सकाळी चाचा माझ्या दारात आले. कधी न बसणारा माणूस खुर्चीवर बसला.

"मास्तर, एक इचारू? दुनियेत मोठ्या लोकांची आडनावं गढीवाल्याचीच आसत्यात का?"

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. आफरीन नववीतून दहावीत गेली होती. वर्गातली पोरं तिला बघून टँव टँव करायची. ती घरी येऊन रडली होती, शाळा बदलून द्या म्हणाली होती. सलीमनं शाळेऐवजी आडनाव बदलायचं ठरवलं. दहावीच्या फॉर्मवर जे नाव जातं ते जन्मभर मागे येतं, म्हणून त्याच्या आत. सगळ्या घराचं नदाफ काढून शेख लावायचं. प्रतिज्ञापत्र टाइप करून तयार होतं. फक्त अब्बांनी हो म्हटल्याशिवाय सही करायची नाही, असं बंधन त्यानं स्वतःलाच घालून घेतलं होतं.

"म्या म्हनलं, आडनावाची कसली लाज," चाचा म्हणाले. "तर सलीम म्हनला, अब्बा, तुमीच सांगितलं की. त्या सायबाचं आडनाव गढीवाल्याचं. कारटं यंत्राचे नट पिळतंय, पन आडनावानं सरदार. आनि माज्या पोरीनं इंजिनेर व्हऊन बी कापूसच पिंजायचा व्हय? पोराचं बी खरंच हाय, मास्तर. सुक्कीरवारी सांगलीला जाऊन हो म्हनून येतो."

ते गेल्यावर माझा चहा तसाच राहिला. माझी थाप सहा महिन्यांत गावातून गेली असं मी समजत होतो. ती सांगलीला जाऊन, एका घरात बसून, माझ्या मित्राशी वाद घालत होती.

दुसऱ्या दिवशी मी पहिल्या एस.टी.नं सांगली गाठली. माझा एक जुना विद्यार्थी तिथल्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. त्याच्याकडे इंग्रजी आडनावांचा एक जाडजूड कोश निघाला, बहुधा विकत घेतल्यापासून कुणी न उघडलेला. मी मनात म्हणत होतो, देवा, गढी नाही तर नाही, निदान एखादा वाडा निघू दे. म्हणजे मी अगदीच खोटा पडणार नाही. माणूस शेवटपर्यंत स्वतःचंच बघतो.

टोझर. इंग्लंडच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातलं आडनाव. धंद्यावरून पडलेलं. लोकर पिंजणारा.

मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. तिथल्या जुन्या बोलीत पिंजण्याला जो शब्द होता त्यावरून हे नाव आलं होतं. गुंतलेली लोकर सुटी करायची, मोकळी करायची, मग ती सूत कातायला पुढे जायची. मी तसाच पानं उलटत बसलो. विणकर, रंगारी, लोहार, कुंभार, गाडे बनवणारे, सुऱ्या बनवणारे. सगळं उंब्रज त्या पुस्तकात कोट घालून बसलं होतं. मी मोठ्यानं हसलो असणार, कारण माझ्याच विद्यार्थ्यानं मला गप्प बसायची खूण केली.

गुरुवारी दुपारी चाचांच्या शेडात गेलो. वाटेत मी एक छोटं भाषण तयार केलं होतं. शब्दांचे अर्थ काळाच्या ओघात कसे बदलतात, असं काहीतरी. ते भाषण त्यांच्या दाराशी संपलं.

"चाचा, टोझरच्या आडनावाचं मी तुम्हाला खोटं सांगितलं होतं. मला माहीत नव्हतं. ते लोकर पिंजणाऱ्याचं आडनाव आहे. नदाफच."

त्यांनी हातातली सुई कापडात खोचली. मी शिव्या ऐकायची तयारी केली.

"लोकर?" ते म्हणाले. "मेंढीची?"

"हो."

"तात लावून?"

"नाही. हातानं आणि काटेरी फण्यांनी, असं पुस्तकात होतं."

"फण्यांनी." त्यांनी स्वतःच्या बोटांकडे बघितलं. "मग बोटं फाटत आसतील की. थंड मुलूख त्यो. थंडीत फाटलेलं बोट लवकर भरत न्हाई." मग म्हणाले, "आनि म्या त्याला तक्याचा उरलेला कापूस घातला. म्हनलं, गढीवाला हाय, ह्याला घरी मऊ लय मिळत आसंल. आपल्यातला हाय म्हनून सांगितलं असतंसा, तर नवा घातला असता."

मी मान खाली घातली.

"मास्तर, ठाव न्हाई म्हनायला काय लागतं वो?" ते म्हणाले. रागानं नाही. खरोखरच विचारत होते. "म्या काय तुमास्नी नापास करनार हुतो?"

शुक्रवारी आम्ही दोघं सांगलीला गेलो. सलीमचं घर दुकानाच्या वर आहे. एस.टी.त मी पुन्हा भाषण जुळवायला लागलो, तर चाचा म्हणाले, "तुमी भाषान करायचं न्हाई. मला जे सांगितलंसा तेच तितं सांगायचं. आदी खोटं, मग खरं."

त्याप्रमाणे मी सलीमसमोर, त्याच्या बायकोसमोर आणि चौदा वर्षांच्या आफरीनसमोर माझी थाप कबूल केली आणि टोझरचा खरा अर्थ सांगितला. शिक्षक म्हणून इतकी वर्षं फळ्यासमोर उभा राहिलो, पण इतका कधी घामेजलो नव्हतो. मला वाटलं, आता सगळे हसतील, आफरीनचे डोळे चमकतील, आणि प्रतिज्ञापत्र फाटेल. माझ्या मनात गोष्टी फार लवकर संपतात.

सलीम शांतपणे म्हणाला, "सर, ते सायबाचं झालं. त्याच्यामागं कोण टँव टँव करत नाही. त्याचं आडनाव लोक विसरले म्हणून तो सुखी आहे. आमचं कोण विसरत नाही."

मी आफरीनकडे बघितलं.

आफरीन आजोबांकडे बघत होती. "दादाजी, तुम्हाला चिडवायचे का?"

"चिडवायचे की. तुज्यापरास लहान हुतो तवापासनं. गल्लीत शिरलो की पोरं सुरू करायची, टँव टँव. मग म्या बी त्यांच्याबरोबर करायचो." चाचांनी नाकातून तातीचा असा हुबेहूब आवाज काढला की सलीमची बायको दचकली. "माजा त्यांच्यापरास खरा यायचा. घरचाच हुता न्हवं."

आफरीन हसली. सलीमही हसला असता, पण त्यानं आवरलं.

"पन ते माजं झालं," चाचा तिला म्हणाले. "मला हसाय यायचं म्हनून हसलो. तुला येत नसंल तर बळंच हसायचं न्हाई. टोचनाऱ्या गादीवर कुनाला झोप लागती? उसवून टाकावी." मग सलीमकडे वळले. "सलीम, माजी ना न्हाई. मनापासनं सांगतोय."

सलीमच्या बायकोनं जेवायला वाढलं. मटणाला सांगलीचा तिखटपणा होता, त्यामुळे सगळ्यांच्याच डोळ्यांत पाणी होतं आणि कुणी कुणाला काही विचारलं नाही.

परतीच्या वाटेवर, इस्लामपूर मागे पडल्यावर चाचा म्हणाले, "खरं बोललासा, लय बरं झालं. खरं कळल्याव मानसाला हो बी म्हनता येतंय, न्हाई बी म्हनता येतंय. खोट्याव नुसतं वडत जावं लागतंय."

त्या दिवसापासून मला न येणारं मी येत नाही म्हणून सांगतो. निवृत्तीनंतर मास्तरांचं इंग्रजी गेलं, असा गावात बोभाटा झाला आहे. मी तो खोडत नाही.

चाचा त्याच वर्षी गेले. थंडीच्या तोंडावर, गाद्यांचा हंगाम सुरू होताना. आठ दिवस ताप आला, कराडला नेलं, परत आणलं ते निरोप घ्यायलाच. शेवटल्या दिवशी मी जवळ बसलो होतो. त्यांनी माझा हात चाचपला, तळव्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "बायकोचा हात बगा कवातरी. खिळं मारून घट्टं पडलं आसतील." मी घरी येऊन बघितला. खरोखर होते. लग्नाला पस्तीस वर्षं झाली होती आणि मी बघितला नव्हता.

आफरीनचा दहावीचा फॉर्म त्यानंतर पंधरा दिवसांनी गेला. तो कुठल्या आडनावानं गेला, हे मला तिनं सांगायच्या आधीच कळलं होतं. कसं, ते सांगतो.

मातीनंतर चौथ्या दिवशी सलीमबरोबर मी ग्रामपंचायतीत मृत्यूची नोंद करायला गेलो. प्रतिज्ञापत्रावर त्याची सही होऊन गेली होती. राजपत्रासाठीचे कागद त्याच्या खांद्यावरच्या पिशवीत होते, दुपारी कराडला जाऊन तो ते पुढे पाठवणार होता. शेख नावाची कार्डंही छापून आली होती, एक मला मिळालं होतं. त्यावर मी चांगलं झालंय म्हणालो होतो आणि ते खोटं नव्हतं. बापानं मनापासून हो म्हटलं होतं. कुणाचं काही अडलेलं नव्हतं.

क्लार्कनं छापील अर्ज पुढे केला. सलीमनं वरच्या ओळीत वडिलांचं पूर्ण नाव लिहिलं. त्याच्या खालीच खबर देणाऱ्याचं नाव. तिथे त्याचं पेन थांबलं.

मला नेहमीप्रमाणे काहीतरी बोलावंसं वाटलं. दोन वाक्यं तर जिभेवर आली होती. मी भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्याकडे बघत राहिलो.

पेन पुन्हा चालल्याचा आवाज आला. सलीमनं अर्ज सरकवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "एकाखाली एक दोन वेगळी घरं दिसत होती, सर."

क्लार्क नोंदवहीत उतरवताना मोठ्यानं वाचत होता. मयत, मौलाली नदाफ. खबर देणार, सलीम मौलाली नदाफ. नातं लिहायचं राहिलंय, तो म्हणाला.

"मुलगा," सलीम म्हणाला.